स्पर्शिका: दोन बिंदू एक होतात तेव्हा

एक वर्तुळ घेऊ. त्याचे केंद्र आरंभबिंदूवर आहे आणि त्रिज्या ५ एकक आहे, म्हणून त्याचे समीकरण क्ष² + य² = २५ असे होते. (३, ४) हा बिंदू या वर्तुळावर आहे, कारण ९ आणि १६ यांची बेरीज २५ भरते. या बिंदूतून असंख्य रेषा जातात, पण त्यांतली स्पर्शिका एकच असते.

आधी एक छेदिका, म्हणजे वर्तुळाला दोन बिंदूंत छेदणारी रेषा, पाहू. क्ष + य = ७ ही रेषा (३, ४) मधून जाते. तिच्यावरून मिळणारी य ची किंमत वर्तुळाच्या समीकरणात ठेवली की क्ष² − ७क्ष + १२ = ० हे वर्गसमीकरण उरते आणि त्याची मुळे ३ व ४ येतात. म्हणजे रेषा वर्तुळाला (३, ४) आणि (४, ३) या दोन बिंदूंत छेदते. आता पहिला बिंदू जागच्या जागी ठेवून दुसरा वर्तुळावरून हळूहळू त्याच्याकडे सरकवला, तर छेदिका फिरत जाते आणि दोन मुळांमधले अंतर कमी होत जाते.

हे अंतर शून्य होते ती रेषा म्हणजे स्पर्शिका. तिचे समीकरण भूमितीच्या आधारे चटकन मिळते: त्रिज्येचा चढ ४/३ आहे, स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून तिचा चढ −३/४ आणि समीकरण ३क्ष + ४य = २५. हीच रेषा वर्तुळाच्या समीकरणात ठेवून पाहावी. आकडेमोड सोपी होत होत क्ष² − ६क्ष + ९ = ०, म्हणजेच (क्ष − ३)² = ० येथे येऊन थांबते. मूळ ३ हे एकच आहे, पण ते दोनदा आले आहे, आणि या ‘दोनदा’मध्येच स्पर्शाचा खरा अर्थ आहे असे मला वाटते. फ्रेंच गणितज्ञ रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भूमिती’ या ग्रंथात वक्राचा अभिलंब, म्हणजे स्पर्शबिंदूत स्पर्शिकेला लंब असणारी रेषा, काढण्यासाठी समान मुळांचाच आधार घेतला होता.

‘एकाच बिंदूत भेटणारी रेषा’ ही शाळेत पाठ झालेली ओळख वर्तुळाला पुरते, प्रत्येक वक्राला नाही. य = क्ष³ या वक्राची (१, १) पाशी स्पर्शिका य = ३क्ष − २ आहे. दोन्ही समीकरणे एकत्र केली की (क्ष − १)²(क्ष + २) = ० मिळते. ही रेषा पुढे (−२, −८) मध्ये वक्राला उघडपणे छेदते, तरीही (१, १) पाशी ती स्पर्शिकाच आहे, कारण १ हे मूळ तेथे दोनदा आले आहे.