सुपरकार नवी घ्यावी की सेकंड हँड? इंदूरचा हिशोब

नमस्कार मंडळी. आज ज्या गाड्यांबद्दल बोलायचंय, त्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरवर ऐकल्या असतील. ऐकल्याच म्हणतोय, कारण मान वळवेपर्यंत त्या पार विमानतळाच्या दिशेला निघून गेलेल्या असतात. लॅम्बोर्गिनी, फेरारी, मॅक्लारेन. घेणारे मोजके, पण हिशोब करायला आपल्याला कोण अडवतंय? आणि हा हिशोब एकदा कळला की तुमच्या मर्सिडीजचाही कळतो, कारण नियम तेच आहेत, फक्त शून्यं कमी.

नवी घ्यावी की तीन-चार वर्षं वापरलेली? यावर प्रत्येकाकडे एक तयार वाक्य असतं, ‘शोरूमबाहेर पडली की वीस टक्के गेले’. गेले ते कशातले गेले, हे कोणी सांगत नाही. म्हणून आधी नव्या गाडीची किंमत उघडून बघू.

(स्क्रीनवर आकडे)

समजा इटलीहून एक पेट्रोल गाडी आली आणि भाडं-विमा धरून बंदरावर तिची किंमत भरली १ कोटी. ४० हजार डॉलरच्या वरची, म्हणून सीमाशुल्क एकूण ११० टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये याची मांडणी बदलली, म्हणजे ७० टक्के मूळ ड्यूटी आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधांचा सेस. बेरीज आधीही ११० होती, आताही ११० आहे. हो, लॅम्बोर्गिनीवर शेतीचा सेस. फेरुचियो लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टर बनवायचे, तेव्हा अगदीच असंबद्ध नाही म्हणा.

झाले २ कोटी १० लाख. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, म्हणजे ८४ लाख. झाले २ कोटी ९४ लाख. आता आपल्या मध्य प्रदेशात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला लाइफटाइम टॅक्स १४ टक्के, म्हणजे साधारण ४१ लाख. एकूण ३ कोटी ३५ लाख. यात डीलरचं मार्जिन धरलेलं नाही, इन्शुरन्स नाही, आणि ‘आतली शिलाई केशरी धाग्याने हवी’ असल्या हौशीही नाहीत. टीसीएसचा, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापून घेतलेल्या इन्कम टॅक्सचा, एक टक्का रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून तोही सोडला.

म्हणजे गाडी एक कोटीची, आणि तिच्या डोक्यावर २ कोटी ३५ लाखांचे कर.

इथे इंदूरची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे, म्हणजे त्या काळातला आपल्या शहरातला सगळ्यात मोठा गाडीवेडा माणूस. अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली, रंग केशरी आणि काळा. त्यांच्या माणिकबाग पॅलेसमध्ये आता सेंट्रल जीएसटी आणि एक्साइजचं ऑफिस आहे.

असो. आता मुद्दा. गाडी विकताना हे कर परत मिळतात का? सरकारकडून नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाकडून काही प्रमाणात मिळतात. कारण त्यालाही नवी घ्यायची तर हेच कर भरावे लागतील. सेकंड हँड गाडीची किंमत तुम्ही काय मोजलं यावर ठरत नाही. तशीच नवी गाडी आज रस्त्यावर कितीला उतरते, यावर ठरते. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं तिच्यातून निघतं.

उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर २०२५ च्या आधी अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस होता, एसयूव्हीला २२. म्हणजे आपल्या हिशोबातली गाडी लाइफटाइम टॅक्सआधी ३ कोटी ११ लाखांना पडायची. ती २ कोटी ९४ वर आली. ज्याने ऑगस्टमध्ये घेतली, त्याची गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली उभी असताना जवळजवळ १७ लाखांनी खाली आली. किलोमीटर वाढले नाहीत, ओरखडा नाही, काही नाही.

आणि पुढे याहून मोठं येऊ शकतं. ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. त्यात गाड्यांवरची ड्यूटी ठरावीक कोट्यापुरती, टप्प्याटप्प्याने ११० वरून १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. मॅक्लारेन, बेंटली, ॲस्टन मार्टिन तिकडच्याच. युरोपियन युनियनशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं, त्यातही गाड्या आहेत. कोटा कोणाला, किती, कधी, यावर बरंच अवलंबून आहे. पण पूर्ण ११० टक्के भरून आज नवी घेणाऱ्याने हा धोका हिशोबात धरलाच पाहिजे. सेकंड हँड घेणाऱ्यालाही धोका आहे, पण त्याची अडकलेली रक्कम लहान असते. माझ्या मते सध्या सेकंड हँडच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

आता आपल्या प्रदेशाचा खास प्रकार: व्यापार मेळा.

ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला, तोही जनावरांचा मेळा म्हणून. आज तिथे लोक गाड्यांसाठी जातात, कारण मेळ्यात घेतलेल्या गाडीच्या लाइफटाइम टॅक्सवर ५० टक्के सूट मिळत आली आहे. २०२४ पासून उज्जैनलाही विक्रम व्यापार मेळा सुरू झाला, तशीच सूट. अट एवढीच की गाडी तिथल्याच आरटीओत पक्की रजिस्टर करायची. म्हणून इंदूरच्या रस्त्यांवर आपल्या एमपी-०९ च्या गर्दीत उज्जैनच्या एमपी-१३ च्या इतक्या चकाचक गाड्या दिसतात. भिया, त्या उज्जैनच्या पाहुण्यांच्या नाहीत, विजय नगरच्याच आहेत.

आपल्या उदाहरणात ४१ लाखांचा टॅक्स साडेवीस लाखांवर येतो. आता विचार करा, तुम्ही एमपी-०९ वर पूर्ण टॅक्स भरलेली दोन वर्षं जुनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक तुलना कशाशी करणार? मेळ्यातल्या निम्म्या टॅक्सच्या नव्या गाडीशी. इंदूरमध्ये जुनी महागडी गाडी विकणाऱ्याची खरी स्पर्धा मुंबईच्या शोरूमशी नाही, उज्जैनच्या मेळ्याशी आहे. म्हणून सेकंड हँड घेणाऱ्यांनी सौदा मेळ्याच्या दिवसांत करावा, आणि विकणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. सूट सरकारी आदेशाने मिळते, तेव्हा तो आदेश निघाला का हे आधी बघा.

आता घसरणीचे तीन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला इन्शुरन्सचा, आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हा तक्ता अल्टोला जो, तोच फेरारीला. दुसरा इन्कम टॅक्सचा, गाडी धंद्याच्या नावावर असेल तर घटत्या किमतीवर दर वर्षी १५ टक्के. तिसरा बाजाराचा. तो कुठल्याच तक्त्यात नसतो आणि पैसे मात्र त्याच्याच हिशोबाने मिळतात.

दुसऱ्या आकड्यावर जरा थांबतो, कारण इथे गिऱ्हाईक फसतं. इंदूरमध्ये या गाड्या बहुतेक फर्म किंवा कंपनीच्या नावावर असतात. ३ कोटी ३५ लाखांची गाडी पाच वर्षांनी पुस्तकात ४४ टक्क्यांवर येते, म्हणजे साधारण १ कोटी ४९ लाख. कंपनीने ती २ कोटींना विकली तर मधल्या ५१ लाखांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९ लाखांच्या वर. ‘दोन कोटींत ठरलं’ म्हणून तुम्ही चेक लिहायला बसता आणि मग हे ९ लाख टेबलावर येतात. माणसाच्या स्वतःच्या नावावरची गाडी थेट घेतली तर हा प्रकार नाही. म्हणून किंमत विचारायच्या आधी विचारा, आरसीवर नाव कोणाचं आहे?

आणि नवी घेताना ‘जीएसटीचं क्रेडिट घेऊन टाकू’, म्हणजे गाडीवरचा जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करू, असं कोणी सुचवलं तर दुसरा सीए शोधा. अशा गाडीवर साध्या धंद्याला क्रेडिट मिळत नाही. ते ८४ लाख गेले ते गेले.

बाजाराचा आकडा कशाने हलतो? इंजिनाने, जास्त करून. लॅम्बोर्गिनी हुराकान २०१४ ते २०२४ बनली, ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं व्ही१०, टर्बो नाही. तिच्या जागी आलेल्या टेमेरारियोत टर्बो व्ही८ आणि हायब्रिड, ९२० पीएस. ताकद खूप जास्त, पण तो व्ही१० चा आवाज परत बनणार नाही हे सगळ्यांना कळलंय. ऑडी आर८ मध्ये तेच इंजिन होतं, तीही बंद झाली. अशा गाड्यांचे भाव पडायचे तितके पडून झाले की थांबतात. उलट मॅक्लारेनच्या नेहमीच्या मॉडेल्सनी बाहेरच्या बाजारात पहिल्या मालकांना चांगलंच रडवलंय, आणि फेरारीची एसएफ९० सुद्धा, जिच्यात हायब्रिड बॅटरी आहे. बॅटरीची भीती इतकी खरी की २०२४ मध्ये फेरारीने अशी वाढीव वॉरंटी आणली ज्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते.

‘पण सुपरकारची किंमत तर वाढते!’ हे तुम्ही परदेशी चॅनेलवर ऐकलं असेल. वाढते ना. मॅक्लारेन एफ१ एकूण १०६ बनल्या, त्यातली एक २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. पोर्श कॅरेरा जीटी पण वाढली. पण ती फक्त डाव्या स्टिअरिंगची आहे, आणि आपल्याकडे बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर उजवं स्टिअरिंग हवं आणि वय तीन वर्षांच्या आत. तो खेळ त्यांच्या अंगणातला. इथे जी लॅम्बोर्गिनीची एसयूव्ही उरूस आणि हुराकान मिळते तिच्यात नफा शोधू नका, तोटा कमी कसा होईल ते बघा. आणि ३ कोटी ३५ लाख सात टक्क्यांच्या एफडीत असते तर वर्षाला २३ लाख व्याज आलं असतं, हेही मनात राहू द्या.

आता सेकंड हँडची दुसरी बाजू, कारण आतापर्यंत मी तिचंच कौतुक केलं.

गाडी निम्म्या किमतीला मिळते, पण तिचा हेडलाइट निम्म्या किमतीला मिळत नाही. कार्बन-सिरॅमिक ब्रेक, टायर, क्लच, सगळं आजच्या भावाने, ड्यूटीसकट. आणि इंदूरला या कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढवून मुंबईला पाठवायची, सेंधव्याचा घाट उतरून, जवळपास सहाशे किलोमीटर. हा खर्च नव्या गाडीलाही आहे, पण तिथे वॉरंटी असते.

इन्शुरन्समध्ये याचा एक वाईट परिणाम होतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही दर वर्षी खाली येतो, पार्ट्सचे भाव वर जातात. त्यामुळे पाच वर्षांच्या गाडीची एक पुढची धडक, म्हणजे बंपर, दिवे, रेडिएटर, सस्पेन्शन, एवढ्यातच ती रेषा ओलांडू शकते. गाडी दिसायला ठीक, कागदावर भंगार. म्हणून आयडीव्ही कमी लावून प्रीमियम वाचवू नका. पाच वर्षांपुढे तो कंपनीशी बोलून ठरवता येतो. आणि झीरो डेप, म्हणजे भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून.

कमी किलोमीटरला भुलू नका. आठ वर्षांत तीन हजार किलोमीटर म्हणजे गाडी उभी होती. सील सुकतात, बॅटरी मरते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी तो टायर बदलायचाच. पोर्श असेल तर इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरवलं याचा रिपोर्ट कंप्युटरमधून निघतो, तो मागा. लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गॅलार्डोत क्लचची झीज मशीन लावून कळते. विकणारा ‘मशीन कशाला, आवाज ऐका’ म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

कागद. गाडी मध्य प्रदेशातलीच असेल तर लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, झालं. महाराष्ट्रातून आणली तर तिथली एनओसी, इथे वयाप्रमाणे उतरलेल्या किमतीवर पुन्हा टॅक्स, आणि तिथला उरलेला टॅक्स परत मागायचा तो अर्ज वेगळा. मुंबईत दहा लाख स्वस्त दिसलेली गाडी इथे येईपर्यंत महाग पडते, ती अशी. बाहेरच्या नंबरवर तशीच चालवायचा मोह नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूत अशाच कारणावरून ३० महागड्या गाड्या एका फटक्यात जप्त झाल्या.

लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५. आणि गाडी कोणी स्वतः बाहेरून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, मूळ प्रत. चासी नंबर त्याच्याशी स्वतः जुळवा, मोबाईलवर आलेल्या फोटोशी नको. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या उचलल्या, तेव्हा गाडी गेली ती ज्याच्या दारात उभी होती त्याची.

तर माझं मत विचाराल तर: टर्बो नसलेलं इंजिन, तीन ते पाच वर्षांची, एमपीचाच नंबर, माणसाच्या नावावर, आणि तिच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला. नवीच हवी असेल तर मेळ्यातून, आणि निदान सात-आठ वर्षं ठेवायची तयारी असेल तरच. दर दोन वर्षांनी बदलणारा माणूस पुढच्या मालकाचं भलं करत असतो. तसा कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्याशी संबंध चांगले ठेवा, त्याची गाडी बाजारात यायच्या आधी फोन तुम्हाला आला पाहिजे.