आठ पायांचा बायसन

हा बायसन नीट पाहा. त्याचे पाय मोजा. चार? पुन्हा मोजा. आठ आहेत.

फ्रान्समधली ही शोव्हे गुहा १९९४ साली सापडली. भिंतीवरचं हे चित्र तीस हजार वर्षांहून जुनं. काढणाऱ्याला पाय मोजता येत नव्हते, असं नाही. त्याला पळणारा बायसन हवा होता. मशालीच्या हलत्या उजेडात तो कसा दिसला असेल!

आता एकदम १८२१ साली येऊ. चित्रकार झेरिको, विषय घोड्यांची शर्यत. चारही घोड्यांचे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे. पोट जवळजवळ जमिनीला टेकलंय. घोडे धावत नाहीत, उडतायत.

सत्तावन्न वर्षांनी कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले. आडव्या ताणलेल्या दोऱ्यांना घोड्याचा धक्का लागत गेला, तसतसे एकामागून एक फोटो निघाले. घोडा खरंच अधांतरी असतो, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! पाय असे फाकलेले असताना चारही खूर हवेत नसतातच. म्हणजे झेरिको चुकला?

शिल्पकार रोदँ म्हणाला, चित्रच खरं, खोटा फोटो. कारण काळ कधी थांबत नाही. मला त्याचं पटतं. मायब्रिजची एकच चौकट वेगळी काढून बघा: घोडा दोरीने टांगल्यासारखा वाटतो. झेरिकोच्या घोड्यावर मात्र नजर शेपटीकडून तोंडाकडे सरकते. आधी मागच्या पायांचा रेटा, मग अंगाचा ताण, मग पुढची झेप. तीन क्षण एकाच अंगात.

१९१२ साली इटालियन चित्रकार बाल्लाने आपल्या चित्रातल्या कुत्र्याला पुन्हा ढीगभर पाय दिले. शेपटीचा तर पंखाच झालाय. गंमत वाटते, पण युक्ती जरा उघडी पडते.

आणि हा चीनमधला कांस्य घोडा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा, उंची जेमतेम ३४.५ सेंटिमीटर. १९६९ साली गान्सू प्रांतातल्या एका थडग्यात मिळाला. पाय चारच. तीन हवेत; चौथा, सगळा भार घेऊन, उडत्या पाखराच्या पाठीवर. घोड्यावरून नजर काढा, थोडं खाली या. पाखराने मान मागे वळवलीय. आपल्या पाठीवर कोण पाय देऊन गेलं, ते बघतंय.