खाऱ्या पाण्यातला फेस

(दृश्य: वरून दिसणारी पूर्णाकाठची काळी, सपाट जमीन. कपाशी, मधे तुरीचे तास. हापशाजवळ रांगेत ठेवलेले हंडे.)

पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांच्या काळ्या मातीतून वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. इथली विहीर खारी, बोअरही खारं. या पाण्यानं पिकं मार खातात, तहान भागत नाही, आणि साबणाला फेस येत नाही. पहिल्या दोन दुखण्यांवर सभा झाल्या, योजना आल्या. तिसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पण रोज सकाळी हजारो गालांवर पातं आणि कातडी यांच्या मधे तोच एक फेस असतो. तो नीट जमला नाही, तर दिवसभर गळा चुरचुरतो.

(दृश्य: दर्यापूर तालुक्यातलं एक बाजारगाव. सलूनचं अर्धं उघडं शटर. दोन खुर्च्या, कोपऱ्यात वीस लिटरचा पाण्याचा कॅन.)

या सलूनवाल्या काकांना आम्ही विचारलं, दाढीसाठी साबण कोणता चांगला? ते ब्रश भिजवत होते. वर न बघताच म्हणाले, "फेस साबणात नसते भाऊ, पाण्यात असते. साबण कितीबी भारी आना, पाणी खारं असन तं नुसता चिकटा येते."

काकांचे वडील धोकटी घेऊन घरोघर फिरायचे. बलुत्याचे दिवस होते. वर्षाकाठी ज्वारी मिळायची, सणावाराला वेगळा मान असायचा. धोकटीत वस्तरा, तो पलाटायला चामड्याचा पट्टा, धार लावायचा दगड, नखं काढायची नराणी, वाटी आणि तुरटीचा खडा. साबण नव्हता. गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवायचं, गालाला पाणी लावायचं आणि बोटांनी दाढी चोळत राहायचं. चोळता चोळता गावभरच्या गोष्टी व्हायच्या. गोष्टी संपेस्तोवर दाढी मऊ झालेली असायची.

ते चोळणं वेळ घालवणं नव्हतं, सगळी खुबी त्यातच होती. दाढीचा केस कोरडा असताना ताठ असतो, पात्याला अडतो आणि मुळाशी ओढला जातो. पाणी आत शिरलं की केसातल्या प्रथिनांचे बंध सैल होतात, केस फुगतो आणि मऊ पडतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला तरी हाताला फरक कळतो. अडचण एवढीच, की केसावर कातडीच्या तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला आत जाऊ देत नाही. शिवाय चेहऱ्यावरचं पाणी ओघळतं, वाळतं.

साबण इथं कामाला येतो. तो तेल सोडवतो, पाणी केसापाशी धरून ठेवतो आणि पात्याखाली निसरडा थर देतो. दाढीच्या फेसाचं काम एवढंच. तो उंच, ढगाळ दिसला पाहिजे असं मुळीच नाही.

(दृश्य: काचेच्या दोन बाटल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस.)

आता पाण्याकडे या. या दोन बाटल्यांत साबणाचा कीस सारखाच टाकला आणि दोन्ही सारख्याच हलवल्या. पावसाच्या पाण्यात दाट फेस उभा राहिला. बोअरच्या पाण्यात वर मळकट तवंग आला आणि बाटलीच्या काचेला पांढरं चिकटलं.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. कॅल्शियमचा एक कण साबणाच्या दोन कणांना धरतो आणि त्यांचा न विरघळणारा साका बनवतो. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटलेलं आहे. आधी सगळं कॅल्शियम साबण खाऊन टाकतं, त्यानंतर जो साबण उरेल त्याचा फेस होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या क्षारांचं प्रमाण, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. खारपाणपट्ट्यात याच्या जोडीला मीठही असतं. मीठ साबणाला पाण्यात नीट विरघळूच देत नाही. साबण कारखान्यात मीठ टाकून साबण पाण्यातून वेगळा काढतात. तेच आपल्या वाटीत नकळत घडत असतं.

उकळल्यानं भागतं का? थोडं भागतं. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर खाली बसतो. पातेल्याच्या तळाला जी पांढरी खपली धरते ती हीच. मीठ मात्र कितीही उकळलं तरी जात नाही.

मग खारपाणपट्ट्यातल्या माणसानं करायचं काय? काकांनी शोधलेली वाट इतकी सोपी आहे की ती प्रत्येक गावात पोचायला हवी. चेहरा धुवायला घरचं जे असेल ते पाणी. पण ब्रश भिजवायला आणि फेस करायला गोडं पाणी. फिल्टरच्या कॅनमधलं, नळाचं आलं असेल तर ते, नाहीतर पावसाळ्यात टिनांवरून धरलेलं. एका दाढीच्या फेसाला वाटीभर पाणीसुद्धा लागत नाही. वीस लिटरच्या कॅनमधून तेवढं काढलं तर घरच्यांच्या पिण्याला काही कमी पडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून आता बऱ्याच गावांत नळाचं पाणी आलं आहे. अकोट-तेल्हाऱ्याकडं वाण धरणाची चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना आहे. ज्यांच्या घरी हे पाणी येतं, त्यांनी निदान दाढीला बोअरचं पाणी वापरू नये.

(दृश्य: गावातलं किराणा दुकान. साबणांची फळी. एक हात वेष्टन उलटून बारीक अक्षरं वाचतो.)

पाणी मिळालं, आता साबण. गावच्या दुकानात दाढीसाठी बहुतेक नळीतलं क्रीमच असतं. गोल वडी किंवा काडी हवी तर तालुक्याच्या जनरल स्टोअर्सला जावं लागतं, नाहीतर पार्सलनं मागवावी लागते. आणि पुष्कळ घरांत आजही अंघोळीचीच वडी गालावर फिरते.

अंघोळीच्या वडीवर टीएफएमचा, म्हणजे एकूण चरबीयुक्त भागाचा, आकडा छापलेला असतो. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. अंगाला लावायचा साबण निवडताना हा आकडा जरूर बघा. दाढीला मात्र तो पुरत नाही, कारण त्यातून चरबीयुक्त भाग किती ते कळतं, कोणता ते कळत नाही. अंघोळीचा साबण सोडियमच्या क्षारानं बनतो. तो कडक असतो, सावकाश झिजतो, न्हाणीत टिकतो. त्याचा फेस हलका, मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि अर्धा गाल होईस्तोवर वाळतो.

दाढीच्या साबणात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पोटॅशियम. पोटॅशियमच्या क्षारानं झालेला साबण मऊ असतो, पाण्यात चटकन विरघळतो आणि ब्रशला लगेच लागतो. वडीत बहुधा पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही असतात, पण पोटॅशियम अजिबात नसेल तर ती वडी दाढीची नव्हे. दुसरी, स्टिअरिक अॅसिड. त्यानं फेस दाट होतो, बुडबुडे बारीक राहतात आणि लवकर बसत नाहीत. यादीत ते अगदी सुरुवातीला दिसलं पाहिजे, कारण जे जास्त असतं ते आधी लिहितात. पुढे कुठेतरी ग्लिसरीन असलं तर उत्तम, ते ओल धरतं.

खोबरेल तेलाचं वेगळं सांगायला हवं. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, इतका की समुद्रावरच्या खलाशांसाठी असाच साबण बनत असे. म्हणून खारपाणपट्ट्यात ज्या वडीत खोबरेलाचा वाटा बऱ्यापैकी आहे, ती जरा जास्त साथ देते. पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. स्टिअरिक आणि खोबरेल दोन्ही असलेली वडी शोधा. चंदन, लिंबू, गुलाब हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. कातडी नाजूक असेल तर वास जितका कमी तितकं बरं.

(दृश्य: उन्हाळी सकाळ. मोहाच्या झाडाखाली बिया वेचणाऱ्या बाया.)

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत मोह आहे. त्याच्या बियांचं तेल खोलीच्या गारव्यातही घट्ट होतं, कारण त्यात पामिटिक आणि स्टिअरिक अॅसिड भरपूर असतं. साबणाला हे तेल पूर्वापार वापरलं जातं. आणि आपल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची राख? त्या राखेत पोटॅशचा, म्हणजे पोटॅशियमचाच क्षार असतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथे तेलघाणी, हातकागद, साबण अशा गावधंद्यांवर काम केलं. दाढीच्या साबणाला लागणारी दाट चरबी आणि पोटॅश हे दोन्ही या मातीत आहे. बचत गटांच्या बाया अंघोळीच्या साबणाच्या वड्या करतात, विकतात. त्यांच्यापैकी कुणीतरी दाढीची वडी करायला घ्यावी अशी आमची मनापासून इच्छा आहे. हे काम राखेचं पाणी अंदाजानं ओतून मात्र करू नये. क्षार मोजूनच घालावा लागतो, नाहीतर उरलेला क्षार गाल भाजतो.

(दृश्य: काकांचे हात जवळून. ब्रश, वडी, स्टीलची वाटी. पार्श्वसंगीत थांबतं, फक्त ब्रशचा आवाज.)

आता फेस. काका ब्रश आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवतात. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर त्याला भिजायला वेळ लागतो, तोवर गिऱ्हाइकाचा चेहरा धुऊन होतो. नायलॉनचा ब्रश पाणी पीत नाही, तो लगेच वापरता येतो, पण त्याला मधूनमधून थेंब जास्त द्यावे लागतात.

ब्रश दोनदा झटकला. वडीवर गोल फिरवला, जोर न देता, सावकाश. इथं लोक फार घाई करतात. दहा वेळा फिरवला की झालं असं वाटतं. काका निदान अर्धा मिनिट फिरवतात, ब्रशच्या टोकांवर दाट लेप दिसेपर्यंत. साबण कमी घेतला तर पुढे काहीही केलं तरी फेस पांगतो.

मग वाटीत ब्रश फिरवायचा आणि बोटांच्या टोकांनी थेंब सोडायचे. एकदम ओतायचं नाही. दोन-तीन थेंब, फिरवणं, पुन्हा थेंब. आधी लेप कोरडा, ओढल्यासारखा दिसतो. हळूहळू तो फुलतो, त्यावर चमक येते आणि बुडबुडे डोळ्याला दिसेनासे होतात. सायीसारखा झाला की थांबायचं. काका दोन बोटांत घेऊन चोळून बघतात. बोटं सरसर सरकली पाहिजेत. अडली तर पाणी कमी, आणि मोठे बुडबुडे येऊन फेस ओघळायला लागला तर पाणी जास्त. जास्त झालं तर ब्रश पुन्हा वडीवर न्यायचा.

"घाई नोको करू," काका शेजारी शिकणाऱ्या पुतण्याला सांगतात, "आधी गोल फिरव, केस उभे व्हाले पायजेत. मंग वरून सारखं कर."

गालावर ब्रश गोल फिरतो तेव्हा आडवे पडलेले केस उठतात आणि फेस त्यांच्या मुळापर्यंत जातो. डबा दाबून निघणारा तयार फोम हे करत नाही, तो केसांच्या वरच बसतो. घाईच्या दिवशी त्यानं निभावतं, पण ज्याची दाढी राठ आहे किंवा ज्याला मानेवर पुळ्या येतात त्यानं ब्रश सोडू नये.

आणि वैशाख. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पंखा गरम वारा फेकतो आणि एका गालाची दाढी होईस्तोवर दुसऱ्या गालावरचा फेस सुकून पापडी धरते. त्या दिवसांत काका फेस जरा ओलसर ठेवतात, एका वेळी एकाच बाजूला लावतात आणि पंखा बंद करतात. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी करतात.

पहिला हात केसांच्या रोखानं. रोख बोटानं चाचपून ओळखायचा, मानेवर तो बहुतेकांचा वाकडातिकडा असतो. दुसऱ्या हाताआधी पुन्हा फेस, कोरड्या कातडीवर पातं नाही. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, समोर फोडलेलं. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी कातडी आवळते आणि बारीक कापलं असेल तर रक्त थांबवते. एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवू देऊ नका, आपला खडा घरून न्या.

(दृश्य: दुपार. काका ब्रश धुतात, खिळ्याला उलटा टांगतात.)

खाऱ्या पाण्याच्या गावात ब्रशही लवकर मरतो. तोच पांढरा साका केसांच्या बुडाशी साठतो, ब्रश राठ होतो आणि नव्या वडीलाही फेस येईना की लोक वडीला नावं ठेवतात. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबू पिळून ब्रश थोडा वेळ बुडवा, बोटांनी बुडापर्यंत चोळा आणि गोड्या पाण्यानं धुवा. मग झटकून, केस खाली करून टांगा. वडीही पाण्यात पडून राहू देऊ नका, तिच्याखाली जाळी ठेवा. एवढं केलंत तर ती कित्येक महिने पुरते. आणि लिंबाच्या पाण्यानंतरही ब्रशच्या बुडाचा पांढरा थर निघत नसेल, तर वडी बदलण्याआधी ब्रश बदला.