पिशवीतल्या गोळ्या आणि डोळ्यातला काचबिंदू

श्रोतेहो, नमस्कार.

परवा तासगावकडच्या एक मावशी चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, औषधं कसली चालू आहेत?"

"न्हाई ओ डॉक्टर, औषध कसलंच न्हाई. बीपीची आन् शुगरची गोळी तेवढी घेतीया."

ही तऱ्हा आपल्याकडे घरोघरी आहे. रोजची गोळी म्हणजे औषध नव्हेच! बरोबरच्या मुलानं शेवटी पिशवी टेबलावर उपडी केली. बीपीची दोन पाकिटं, शुगरचं एक, गुडघ्यासाठी कागदात बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या, आणि तळाला डोळ्यात घालायच्या ड्रॉपची एक बाटली. डोळे चुरचुरले की मावशी दोन वर्षं तीच घालत होत्या. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर स्टेरॉइड, म्हणजे सूज-जळजळ झटपट उतरवणारं औषध. डोळ्याचा दाब मोजला तर ३४. साधारणपणे तो १० ते २१ असतो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत लोकांची फार गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच वाळत जाते, आणि गेलेली नजर परत आणायचं औषध अजून कुणाकडे नाही. राहिलेली मात्र राखता येते. त्यातून हा आजार लबाड. नजर आधी कडेनं जाते, समोरचं शाबूत राहतं. माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि डावीकडून आलेली मोटारसायकल मात्र त्याला दिसत नाही.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं. अश्रू नव्हेत ते, हे आतलं पाणी. बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी आहे, तिच्यातून ते निघून जातं. निचरा अडला की काय होतं ते कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. क्षारपड झालेली रानं त्यानं डोळ्यांनी पाहिली आहेत. इथंही तसंच. पाणी तुंबतं, दाब चढतो, नस दबते. स्टेरॉइड नेमकं या जाळीवर घाव घालतं. सगळ्यांच्या नव्हे, पण साधारण तिघांत एकाच्या डोळ्याचा दाब त्यानं चढतो. ड्रॉपनं जास्त. पण स्टेरॉइड असेल तर दम्याचा पंप, डोळ्याजवळ लावायचं मलम, सांधेदुखीच्या गोळ्या यांनीही. म्हणून दम्याचा पंप टाकून देऊ नका, तो जीव वाचवतो. दाब तेवढा मोजून घेत जा. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेल्या ड्रॉपबद्दल मात्र माझ्याजवळ एकही चांगला शब्द नाही.

आता शुगर. ती वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरत नाही. मग डोळा आपल्या परीनं नव्या रक्तवाहिन्या काढतो. त्या कच्च्या असतात, आणि वाढत वाढत थेट त्या निचऱ्याच्या कोपऱ्यावर पसरतात. हा काचबिंदू लाल होतो, ठणकतो, आणि आम्हा डॉक्टरांनाही दाद देत नाही. मधुमेह असणाऱ्यानं वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, तो यासाठीही.

बीपीचं गणित जरा उलटं आहे. वाढलेलं बीपी वाईट, हे खरंच. पण काही जणांच्या डोळ्याचा दाब अगदी बेताचा असतो, तरी नस वाळत जाते. का? कालव्याच्या टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा. वरून पाणी कमी सुटलं की पहिलं रान त्याचं वाळतं. डोळ्याची नस ही अशीच टेलला आहे. झोपेत बहुतेकांचं बीपी थोडं उतरतं. काहींचं फारच उतरतं, आणि त्यात बीपीची गोळी झोपताना घेतलेली असेल तर नसेला रक्त पुरत नाही. काचबिंदू असेल तर गोळीची वेळ कोणती असावी, हे बीपीच्या डॉक्टरांना विचारा. विचारा म्हणतोय, बंद करा म्हणत नाही. मागे माझं असंच बोलणं ऐकून एका आजोबांनी गोळीच सोडली होती, म्हणून दोनदा सांगतो.

घोरता घोरता ज्यांचा श्वास मध्येच थांबतो, ज्यांना अर्धशिशी आहे, थंडीत ज्यांची बोटं पांढरी पडतात, थायरॉइडमुळे ज्यांचे डोळे पुढे आले आहेत, त्यांनीही हे तपासून घ्यावं. सख्ख्या भावाबहिणीला, आईवडिलांना काचबिंदू असेल तर तपासणीसाठी चाळिशीची वाट पाहू नये. आणि शीर्षासन करणाऱ्यांनो, उलटं उभं असेपर्यंत डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदू असेल तर ते आसन सोडा, बाकीची खुशाल करा. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिणाऱ्यांनी ते घोटाघोटानं प्यावं. एकदम लिटरभर प्यायलं तरी दाब वर जातो.

एक माझी चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका गृहस्थांना मी काचबिंदूचे ड्रॉप लिहून दिले आणि दम्याचं विचारायचं राहिलं. त्या औषधानं श्वासनळ्या आवळतात, नाडीही मंद होते. त्याच रात्री त्यांना धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. ते बचावले. तेव्हापासून आधी पिशवी उपडी होते, मग मी पेन उघडतो.

डोळ्यातला थेंब छातीपर्यंत कसा पोचला? डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक नळी आहे, ती नाकात उतरते, आणि तिथून औषध रक्तात मिसळतं. ड्रॉप घातल्यावर घशाशी कडू लागतं ते त्यामुळेच. म्हणून थेंब घातला की डोळा मिटायचा, तो कोपरा बोटानं हलकेच दाबायचा आणि घड्याळ लावून दोन मिनिटं तसंच धरायचं. मावशींना मी हे करून दाखवलं. एक मिनिट होतं न होतं तोच विचारतात कशा, "झालं का ओ?"

नमस्कार.