जंगलातल्या मातीला शेताची पट्टी लावू नका

(दृश्य : डोंगरउतारावरचं दाट जंगल. जमिनीलगत कॅमेरा.)

पाय ठेवला की जमीन किंचित दबते आणि पाय उचलला की पुन्हा फुगून वर येते. कधीही नांगर न लागलेल्या डोंगरावरच्या जंगलात चालताना हे पायाला कळतं. मातीचं परीक्षण प्रयोगशाळेत होतं, असं आपण समजतो. खरं तर ते इथेच सुरू होतं.

(दृश्य : हात पाचोळा बाजूला सारतो.)

सगळ्यांत वर यंदाचा पाचोळा. पानं अख्खी, देठासकट. झाड कोणतं ते ओळखू येतं. तो सारला की आधीची पानं दिसतात, तुकडे झालेली, एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे धागे गेलेत. त्याखाली काळा, ओलसर थर. तो चिमटीत चोळला तर बोटं काळी होतात, पण पान म्हणून काही हाती लागत नाही. आणि त्याच्या खाली माती.

या थरांची जाडी मोजायची आणि त्यांची एकमेकांशी सरमिसळ किती झाली आहे, ते पाहायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पी. ई. म्युलर या डॅनिश वनतज्ज्ञाने बीच नावाच्या झाडांच्या जंगलांत हेच पाहिलं. काही ठिकाणी गांडुळांनी पाचोळा खाली ओढून मातीत पुरता मिसळला होता. त्याला त्याने ‘मुल’ म्हटलं. काही ठिकाणी पाचोळा न कुजता चटईसारखा साचून होता. त्याला ‘मोर’ म्हटलं. दोन्ही शब्द त्याच्या भाषेतले. जगभरचे अभ्यासक आजही ते वापरतात.

थंड, आम्लधर्मी उतारावर, सूचिपर्णी झाडांखाली ‘मोर’ सापडला, तर माती बिघडली असं समजायचं कारण नाही. तिथली माती तशीच घडते.

चूक नेमकी इथेच होते. जंगलातला नमुना शेतीच्या तक्त्यावर तपासला जातो. सामू, म्हणजे आम्लता सांगणारा पीएचचा आकडा, चार-साडेचार निघाला की शेरा येतो : आम्लधर्मी, चुना टाका. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी, म्हणजे माती गरीब. पण शेतीचा तक्ता पिकासाठी आहे. त्यात विचारलेलं असतं, ‘यात बाहेरून काय घालू?’ जंगलात बाहेरून कोणी काही घालत नाही. अन्नद्रव्यं झाडांत, पाचोळ्यात, बुरशीत फिरत राहतात. मुळांशी जोडलेली बुरशी स्फुरद शोधून झाडाला पोहोचवते. आणि चुना टाकलाच, तर वरचा सेंद्रिय थर भराभर कुजून त्यातला नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो. म्हणजे एका आकड्याच्या सुधारणेपायी साठलेलं धन जायचं.

मग तुलना करायची तरी कशाशी? त्याच डोंगरावरच्या, त्याच खडकावरच्या, माणसाचा हात न लागलेल्या जंगलाशी. हान्स येनी या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले : हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. डोंगरावर यातले बहुतेक घटक शंभर पावलांत बदलतात. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. कड्यावर माती वीतभर, पायथ्याशी कमरेइतकी. उन्हाची बाजू वेगळी, सावलीची वेगळी. मोठं झाड उन्मळून पडलं तर मुळांबरोबर खालची माती वर येते. बाजूला खड्डा, शेजारी उंचवटा. म्हणून नमुन्यासाठी खणलेल्या एका खड्ड्यावरून अख्ख्या उताराचं मत बनवणं मला अजिबात पटत नाही.

(दृश्य : धातूचं नळकांडं मातीत ठोकलं जातं.)

हे नळकांडं शंभर घन सेंटिमीटरचं. माती न दाबता ते आत ठोकायचं, कडा सुरीने कापायच्या, नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून वजन करायचं. समजा ८० ग्रॅम भरलं, तर घनता घन सेंटिमीटरला ०.८ ग्रॅम. शेतात ती बहुधा १.३ ते १.५ च्या आसपास असते. इथे आकडा कमी असणं चांगलं. मुळांनी आणि किड्यांनी पोकळी केली आहे, तिच्यात पाणी आणि हवा राहते.

पण डोंगरातल्या मातीत दगड असतात, आणि हिशेब तिथे फसतो. सेंद्रिय कर्ब (कार्बन) मोजायला आपण दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली माती घेतो. जमिनीचा निम्मा भाग दगडांचा असेल आणि तो वजा केला नाही, तर कर्बाचा साठा जवळपास दुप्पट दिसतो. ही चूक बारीक नाही. जगभरच्या मातीत, वरच्या एका मीटरमध्ये, हवा आणि वनस्पती मिळून जितका कर्ब आहे त्याहून जास्त आहे. दगड मोजायला कंटाळा करून चालत नाही.

कर्बाबरोबर नत्रही मोजतात. कर्ब नत्राच्या पंधरा पटींच्या आत असेल, तर कुजण्याचं काम जोरात चाललेलं असतं. पंचवीस पटींच्या वर गेला, तर सावकाश.

(दृश्य : नरसाळं, वर दिवा, खाली बाटली.)

आता जिवंत माती. नरसाळ्यात जाळीवर पाचोळ्याचा नमुना, वर दिवा. ऊब आणि कोरडेपणा वाढत जातो, तसे जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. काही दिवसांनी भिंगाखाली पाहा : उड्या मारणारे स्प्रिंगटेल, गोल पाठीचे माइट, टाचणीच्या टोकाएवढे. पाचोळ्याचा भुगा करणारे हेच. सामू आणि नत्र सांगणाऱ्या अहवालात यांचा रकानाही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटची परीक्षा सगळ्यांत साधी. मातीचा वाळलेला खडा पाण्यात सोडायचा. जिची घडण कमजोर, ती बघता बघता विरघळते, पाणी गढूळ होतं. चांगल्या जंगलमातीचा खडा बराच वेळ टिकून राहतो. बुरशीचे धागे आणि सेंद्रिय डिंक त्याला धरून ठेवतात. उतारावर पावसाचा मारा बसतो तेव्हा हीच पकड कामाला येते.

(दृश्य : खड्डा बुजवला जातो.)

काम झालं. खड्ड्यातली माती थराथराने वेगळी काढून ठेवली होती. आता उलट्या क्रमाने परत. आधी खालची पिवळसर, दगडांची. मग तपकिरी. मग काळी. हाताने हलकंच थोपटायचं, पायाने तुडवायचं नाही. आणि वर पाचोळा, जुना खाली, यंदाचा वर.