वय नंतर बघू, आधी खुर्चीतून उठवा

आमच्या ओपीडीत हा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी घडतोच. मुलगा वडिलांना बाहेर बाकावर बसवतो, आत येतो, दार लोटतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, “बाबा 78 चे आहेत. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. आता या वयात केमो कशाला? आणि हो, त्यांना सांगू नका.” मी म्हणतो, बाबांना आत तर आणा!

बाबा आले की त्यांना हातवाल्या खुर्चीत बसवतो. उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. माझं लक्ष मात्र त्यांच्या हातांकडे असतं, उठताना खुर्चीवर भार किती देतात त्याकडे. मग बारीकसारीक चौकशा: आंघोळ स्वतः करता का, धोतर सैल झालं का, गोळ्या किती, त्या देतं कोण? ऐकू नीट येतं का, हेही विचारतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध कान आणि किडनी दोन्हींना बाधतं.

फ्रान्समध्ये 70 ते 89 वयाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2011 साली छापून आला. एका गटाला एकच औषध, दुसऱ्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल मिळून. निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ पहिल्या गटात 6.2 महिने होता, दुसऱ्यात 10.3. पांढऱ्या पेशीही दुसऱ्या गटात फार जास्त घसरल्या, तेव्हा ही जोडी सरसकट सगळ्यांना देता येत नाही. पण “वय झालं” एवढ्यावर ती नाकारताही येत नाही.

उलटही होतं. माणूस अंथरुणाला खिळलेला, घरच्यांनी आशा सोडलेली, आणि तपासणीत कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडतो. मग केमो बाजूलाच, रोजची एक गोळी. अशा गोळीवर उठून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बदल नसेल तर ती गोळी कामाची नाही. म्हणून बायोप्सीचा तुकडा त्या तपासणीला पाठवल्याशिवाय “आता काही होणार नाही” असं म्हणू नये. आपल्याकडे तर आधीच काही महिने टीबीच्या गोळ्यांत गेलेले असतात. खोकला तोच, वजन घटणं तेच.

राहिलं “सांगू नका”. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार होते. मुलगा खुणा करत होता, मी गोलगोल बोलत होतो. म्हाताऱ्यानं थांबवलं. “डाक्टर, मले सारं समजते. मृगाचा बहार तुटेस्तोवर राहीन का, तेवढं सांगा.”

तोडणीला चार महिने होते. खात्री देता येत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि कॅलेंडर टेबलावर उघडलं. डोस कमी केला, दर आठवड्याला विभागून दिला. बागेतून पहिला ट्रक निघाला त्या आठवड्यात सलाईन लावलं नाही.