नकाशावरची रेघ आणि पायाची बोटे

भारतीय लष्करातले गिर्यारोहक कर्नल नरेंद्र कुमार ३१ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीत निवर्तले, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्यांच्यावरचे बहुतेक मृत्युलेख सियाचीनपासून सुरू झाले, आणि ते स्वाभाविकच होते. मी मात्र त्यांच्या पायांपासून सुरुवात करणार आहे.

१९६१ साली गढवालमधल्या नीलकंठ मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटे गेली. सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यावर बोटभर खाचेत बूट रोवून ज्यांनी श्वास रोखला असेल, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बर्फाच्या उभ्या भिंतीवर बुटाखालच्या लोखंडी दातांचे फक्त पुढचे टोक रुतते आणि शरीराचा सारा भार तिथेच येतो. त्याच्या आदल्याच वर्षी, ब्रिगेडियर ग्यान सिंह यांच्या नेतृत्वाखालच्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेत, सोनम ग्यात्सो आणि नवांग गोंबू यांच्यासह ते माथ्यापासून सुमारे २०० मीटर अंतरावर पोचले होते आणि वादळी वाऱ्यामुळे मागे फिरले होते.

लष्करी अकादमीत असताना, पुढे लष्करप्रमुख झालेल्या रॉड्रिग्ज यांच्याशी मुष्टियुद्धात ते हरले. पण पुनःपुन्हा अंगावर धावून जात राहिल्यामुळे ‘बुल’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. माझ्या मते या नावाने त्यांच्यावर थोडा अन्यायच केला आहे. १९६४ मध्ये नंदादेवीवर नेता, १९६५ मध्ये नऊ जणांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचवणाऱ्या मोहिमेत उपनेता, आणि १९७७ मध्ये पुन्हा नेता म्हणून कांचनजंगाच्या त्या ईशान्य धारेवर, जिथून १९२९ आणि १९३१ साली जर्मनांना परतावे लागले होते: या तिन्ही ठिकाणी माथा दुसऱ्यांनी गाठला. कांचनजंगावर तर प्रेमचंद आणि निमा दोरजे हे हे शिखर पवित्र मानणाऱ्या सिक्कीमच्या श्रद्धेचा मान राखून शिखरबिंदूच्या किंचित अलीकडेच थांबले. इतरांना वर पाठवून आपण खाली थांबायचे, हे निव्वळ धडक मारणाऱ्याचे काम नव्हे.

आता त्या नकाशाकडे येतो. सिंधू नदीतून नौकेने उतरण्याची मोहीम आखणाऱ्या एका जर्मन माणसाने त्यांना उत्तर काश्मीरचा एक अमेरिकी नकाशा दाखवला. काश्मीरमधली भारत-पाकिस्तान युद्धविराम रेषा (आजची नियंत्रण रेषा) नकाशावरच्या एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपते, आणि तिथून पुढे करारात केवळ ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढेच म्हटले आहे. या नकाशात मात्र त्या बिंदूपासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत सरळ रेघ ओढलेली होती, म्हणजे अख्खे सियाचीन पाकिस्तानच्या बाजूला गेले होते. आपण टोपोशीट, म्हणजे डोंगरदऱ्यांचा तपशीलवार नकाशा, हातात घेऊन घाटवाटा शोधतो, तेव्हा छापलेली वाट जागेवर सापडली नाही तर फार तर एक मुक्काम वाढतो. इथे ७६ किलोमीटरची अख्खी हिमनदी एका रेघेने पलीकडे गेली होती.

कुमार तो नकाशा घेऊन लष्करी कारवायांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल छिब्बर यांच्याकडे गेले, आणि १९७८ मध्ये परवानगी घेऊन हिमनदीवर उतरले. तिथे त्यांना आधी येऊन गेलेल्या परदेशी मोहिमांचा कचरा सापडला. त्यांनी तो गोळा करून आणला, कारण कोण कुणाच्या परवान्यावर इथे फिरत होते, याचा तो पुरावा होता. रिकामे डबे इतक्या आस्थेने वेचणारा गिर्यारोहक मला दुसरा माहीत नाही. १९८१ मध्ये त्यांनी हिमनदीच्या मुखापासून वरच्या टोकाच्या इंदिरा कोल या खिंडीपर्यंतची पूर्ण लांबी पालथी घातली. बोटे गमावून तेव्हा वीस वर्षे झाली होती.

१३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्याची भारतीय लष्कराची मोहीम, ‘ऑपरेशन मेघदूत’, सुरू झाली, तेव्हा सैन्याच्या हाती या पायपिटीतून आलेली माहिती होती. त्यानंतर त्या बर्फात गोळ्यांपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने अधिक जवान गेले, हे त्यांच्या स्मरणसभेतही झाकून ठेवू नये. हिमनदीवरच्या एका लष्करी ठाण्याला आज ‘कुमार बेस’ म्हणतात, आणि तिथला शिपाई बुटात पाय घालण्यापूर्वी एकेक बोट चोळून पाहतो.